खेळाडूला सवलत हवी ती वेळेची, गुणांची नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाने उघडीप दिली की मराठवाड्यातल्या महाविद्यालयांच्या जिमखान्यांत आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलची धावपळ सुरू होते. गोलाच्या जाळ्या शिवल्या जातात, फक्कीने मैदान आखले जाते आणि टेबलावर पात्रता अर्जांचा गठ्ठा येऊन पडतो. फोटो, दहावीची सनद, बारावीचे गुणपत्रक, चालू वर्षाची प्रवेश पावती, क्रीडा संचालकांची सही, प्राचार्यांचा शिक्का. जन्मतारीख दोन-दोनदा ताडून पाहिली जाते, कारण १ जुलैला वय १७ च्या खाली किंवा २५ च्या वर निघाले तर सगळा संघ गोत्यात येतो. पण मागच्या सत्रात किती पेपर निघाले आणि किती राहिले, यावरून कुणाचा अर्ज बाजूला ठेवला गेला, असे सहसा घडत नाही. प्रवेश आहे ना, मग झाले.

महाविद्यालयीन फुटबॉलपटूंच्या अभ्यासाचा दर्जा घसरतो आहे, ही तक्रार आता स्टाफरूममध्ये रोजची झाली आहे. तिच्यावरचा ठरलेला शेरा असा की खेळणाऱ्या मुलांना अभ्यासात गोडी नसते. हे आम्हाला मान्य नाही. डावा बचावपटू पुढे सरकला तर मागची मोकळी जागा कुणी भरायची, हे चालू सामन्यात दोन सेकंदांत ठरवणाऱ्या मुलाला सरासरी आणि मध्यक यांतला फरक समजत नाही, असे कसे म्हणायचे? घसरण होते ती आपण त्याला भलत्या ठिकाणी सवलत देतो म्हणून. त्याला गरज असते वेळेची, आपण त्याला गुण देऊन मोकळे होतो.

आधी दिवसांचा हिशेब पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अपेक्षेप्रमाणे एका सत्रात अध्यापनाचे किमान ९० दिवस भरायला हवेत. हजेरी ७५ टक्के, म्हणजे ६८ दिवस. हातात उरतात २२. आता विद्यापीठाच्या संघात निवड झालेल्या मुलाचे दिवस मोजा. आंतरमहाविद्यालयीन सामने आणि निवड चाचणी यांत ३ गेले. सराव शिबिराचे १० धरू. पश्चिम विभागीय स्पर्धा गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, कुठेही असू शकते, तेव्हा जाण्या-येण्याचे ४. थेट गाडी नसेल तर मनमाडला गाडी बदलण्यातच अर्धा दिवस फलाटावर जातो. प्रत्यक्ष स्पर्धेचे ५. झाले २२. संघ विभागात पहिल्या चारांत आला की सर आशुतोष मुखर्जी चषकासाठी अखिल भारतीय स्पर्धा, म्हणजे आणखी एक आठवडा. मध्ये एकदा ताप आला किंवा घोटा मुरगळला की हिशेब उणे.

स्पर्धेचे दिवस हजर धरले जातात, ते योग्यच आहे. हजेरीपट भरतो, त्या दिवसांत वर्गात जे शिकवले गेले ते मात्र भरून निघत नाही. एका सत्राचे २२ श्रेयांक (क्रेडिट) आणि एका श्रेयांकाला १५ तास, म्हणजे ३३० तासांचे अध्यापन. त्यातला चौथा हिस्सा, ८० तासांहून जास्त, त्या मुलाच्या हातून जातो. ते तास त्याला परत मिळवून देण्याची जबाबदारी कुणाची, हे कुठल्याच परिपत्रकात ठळकपणे लिहिलेले दिसत नाही. खरे दुखणे हे आहे.

बी.एस्सी.च्या मुलाचे नुकसान सगळ्यात आधी प्रयोगशाळेत उघडे पडते. अनुमापनाचा साधा प्रयोग घ्या. ब्युरेट धुवायची, जे द्रावण भरायचे त्यानेच ती विसळायची, तोटीखाली अडकलेला हवेचा बुडबुडा घालवायचा. शंकूपात्रात पिपेटने १० मिलि आम्ल, त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब, आणि मग ब्युरेटमधून अल्कली थेंबाथेंबाने सोडत, पात्र हलवल्यावरही फिकट गुलाबी रंग टिकेल तिथे थांबायचे. तीन वाचने घ्यायची, जुळतील ती धरायची. शिबिरावरून परतलेला मुलगा यातले काहीच करत नाही, कुणी त्याच्याकडून करूनही घेत नाही. तो मित्राचे जर्नल मागून आणतो आणि रात्री बसून ९.८, ९.८, ९.८ असे उतरवून काढतो. जर्नलवर सही होते. परीक्षेला बाहेरचे परीक्षक समोर उभे राहतात तेव्हा डाव्या हाताने तोटी सांभाळून उजव्या हाताने पात्र हलवायचे असते, हेही त्याला ठाऊक नसते. एकदम दोन मिलि सुटते, द्रावण गडद गुलाबी होते, प्रयोग वाया. हेच तीन-चार बुडालेले प्रयोग दोन रविवारी, प्रयोगशाळा परिचराला थोडा मोबदला देऊन, करून घेता आले असते. खर्च किती? रसायनांचा म्हणाल तर जेमतेम.

कला शाखेत हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते जास्त खोलवर जाते. चाचणी न देता चाचणीचे गुण, दुसऱ्याच्या अक्षरातली असाइनमेंट, तोंडी परीक्षेत ‘कोणत्या जागेवर खेळतोस?’ एवढाच प्रश्न. यात कुणाचा वाईट हेतू नसतो; मुलाचे भले व्हावे असेच शिक्षकाला वाटत असते. अंतर्गत मूल्यमापनात गुण भरभरून पडतात आणि लेखी पेपरात त्याच मुलाला पुरवणी मागायची वेळच येत नाही. मग एटीकेटी. पहिल्या वर्षाचे दोन विषय दुसऱ्या वर्षात, दुसऱ्याचे तीन तिसऱ्यात, आणि तिसऱ्या वर्षाच्या हिवाळी परीक्षेत एकाच दिवशी सकाळी एक, दुपारी एक असे पेपर. तोपर्यंत त्याचे खेळायचे वय सरत आलेले असते आणि महाविद्यालयाचे त्याच्याकडचे लक्षही.

नव्या शैक्षणिक धोरणाची रचना २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही आली. त्यात सहअभ्यासक्रमाखाली पहिल्या चार सत्रांत प्रत्येकी २, असे ८ श्रेयांक क्रीडा विषय घेऊन मिळवता येतात. ही चांगली सोय आहे. पण तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक लागतात. म्हणजे खेळातले ८ पदरात पडले तरी उरलेले किमान ११२ पुस्तक उघडूनच मिळवायचे आहेत. ‘आता खेळाचे मार्क धरतात’ असा जो समज मुलांमध्ये पसरला आहे तो पहिल्याच आठवड्यात, जिमखान्याच्या फळ्यावर हे दोन आकडे लिहून, दूर करायला हवा.

आणखी एक प्रकार सगळ्यांना माहीत आहे, लिहीत कुणी नाही. बी.ए. झाले की एका विषयात एम.ए., ते झाले किंवा अर्धवट राहिले की दुसऱ्या विषयात एम.ए., असे करत पंचविशीपर्यंत पात्रता टिकवायची. ऑगस्टमध्ये प्रवेश, शुल्क भरणारा भलताच कुणी, सामने संपले की खेळाडू गावाकडे. परीक्षा अर्जच भरला जात नाही. वयात बसतो, प्रवेश पक्का आहे, पावती आहे, त्यामुळे कागदावर बोट ठेवायला जागा राहत नाही. महाविद्यालयाला चषक मिळतो. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या पाचव्या निकषात क्रीडा पदकांची संख्या विचारली जाते, ती वाढते. त्या संघातले किती जण पदवी घेऊन बाहेर पडले, हा आकडा कुणी मागत नाही, म्हणून कुणी ठेवतही नाही. आणि पहिल्या वर्षाचा, रोज वर्गात बसणारा, खरोखर होतकरू मुलगा राखीव बाकावर बसून राहतो. त्याच्यावर होणारा अन्याय आम्हाला सगळ्यात जास्त बोचतो.

अमेरिकेत ‘कॉलेज फुटबॉल’ म्हणजे निराळा खेळ, लांबोळ्या चेंडूचा, शिरस्त्राण घालून खेळायचा. तिथला पैसाही आपल्या कल्पनेबाहेरचा. पण मैदान आणि वर्ग यांची ओढाताण तीच आहे, आणि गेल्या चाळीस वर्षांत त्यांनी नियम करून, बदलून, पुन्हा करून पाहिले आहेत. तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने, एनसीएएने, १९८३ मध्ये ‘प्रपोझिशन ४८’ मंजूर केले आणि १९८६ पासून लागू केले: पहिल्या वर्षी खेळायचे तर शाळेतल्या ११ मूळ विषयांत ४ पैकी किमान २.० सरासरी आणि प्रवेश परीक्षेत ठरावीक गुण. परीक्षेच्या अटीचा फटका गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांना अधिक बसतो, असा आक्षेप पहिल्यापासून होता. ती अट अखेर २०२३ मध्ये कायमची काढून टाकली. मूळ विषयांची अट मात्र वाढवत नेली. आज वरच्या विभागात खेळायला १६ मूळ विषय आणि २.३ सरासरी लागते. प्रवेशानंतरही सुटका नाही: दुसरे वर्ष संपताना पदवीचा ४० टक्के भाग पूर्ण, तिसरे संपताना ६०, चौथे संपताना ८०. टेक्सास राज्याने तर १९८४ च्या कायद्याने शाळांमध्येच ‘पास नाही तर खेळ नाही’ हा नियम आणला. ७० च्या खाली गुण गेले की सहा आठवडे मैदान बंद. पुढे ही मुदत कमी केली.

एवढे करूनही काय घडले तेही पाहिले पाहिजे. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपेल हिल आवारात १९९३ ते २०११ अशी १८ वर्षे असे वर्ग कागदोपत्री चालले, की ज्यांत तास होत नव्हते, शिक्षक भेटत नव्हते. एक निबंध द्यायचा आणि घसघशीत श्रेणी घ्यायची. २०१४ च्या चौकशी अहवालानुसार ३,१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी त्यांचा लाभ घेतला आणि त्यांतले जवळपास निम्मे खेळाडू होते. नियम नुसता गुणपत्रिकेकडे बघत राहिला की गुणपत्रिकाच सजवली जाते. उतरवलेले जर्नल आणि हे कागदी वर्ग, दोन्हींचे मूळ एकच.

तरी त्यांची एक गोष्ट घेण्यासारखी आहे: संघाचा शैक्षणिक प्रगती गुणांक. हिशेब अगदी सोपा. शिष्यवृत्तीवरच्या प्रत्येक खेळाडूला प्रत्येक सत्रात दोन गुण, एक शिक्षणात टिकून राहिल्याबद्दल, दुसरा अभ्यासाची पात्रता राखल्याबद्दल. संघाला मिळालेले गुण भागिले शक्य गुण, गुणिले १,०००. चार वर्षांची सरासरी ९३० च्या खाली गेली की मोसमाअखेरच्या स्पर्धांना मुकावे लागते. कनेक्टिकट विद्यापीठाचा पुरुषांचा बास्केटबॉल संघ २०११ चा राष्ट्रीय विजेता होता. गुणांक कमी पडला म्हणून २०१३ च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याला उतरू दिले नाही.

हेच आपल्या संघाला लावून पाहा. २० खेळाडू, दोन सत्रे, प्रत्येकी दोन गुण, म्हणजे वर्षाचे ८०. समजा सामने संपताच चार जण गायब झाले आणि उन्हाळी परीक्षेला बसलेच नाहीत. आठ गुण गेले. ७२ भागिले ८०, म्हणजे ९००. संघ नापास. यासाठी ना संगणक प्रणाली लागते, ना समिती. परीक्षा विभागाची निकालाची यादी आणि संघाची यादी शेजारी ठेवून एक कारकून अर्ध्या तासात हा आकडा काढू शकतो. दोन्ही विद्यापीठांच्या, छत्रपती संभाजीनगरच्या आणि नांदेडच्या, क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळांनी प्रत्येक महाविद्यालयाच्या संघापुढे हा आकडा दरवर्षी संकेतस्थळावर लावावा. नुसता लावला तरी पुष्कळ फरक पडेल.

पालक विचारतात, पोरगा चांगला खेळतोय, खेळाच्या कोट्यातून लागेलच कुठेतरी, मग पेपरचे एवढे काय? राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि वयातही सूट मिळते. शैक्षणिक अर्हतेत मात्र सूट नाही. पोलीस उपनिरीक्षक किंवा राज्य कर निरीक्षक व्हायचे तर पदवी लागतेच. प्रावीण्याचे प्रमाणपत्र कितीही वरचे असो, एक विषय राहिला तरी नेमणूक मिळत नाही. क्रीडा शिक्षक व्हायचे म्हटले तर बी.पी.एड.ला, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीला, आंतरविद्यापीठ स्पर्धेत नुसता भाग घेतलेल्या खुल्या प्रवर्गातल्या खेळाडूलाही आधीच्या पदवीला ४५ टक्के लागतात. प्रशिक्षक व्हायचे तर परवान्याच्या वर्गात सराव आराखडा लिहून द्यावा लागतो: चौकोन किती मीटरचा, किती खेळाडू, किती मिनिटे, विश्रांती किती, कोणती चूक दिसल्यावर खेळ थांबवायचा. ज्याने तीन वर्षांत एकही उत्तर स्वतःच्या हाताने लिहिले नाही त्याला ते पानभर लिहिणे मैदानावर ९० मिनिटे पळण्यापेक्षा जड जाते. मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच गंभीर आहे. मुलगा नापास झाला तर घरचे वर्षभर रागावतात; मुलगी नापास झाली तर ‘खेळामुळे झाले’ म्हणून तिचे मैदान सुटते, मागोमाग कॉलेजही, आणि स्थळे बघायला सुरुवात होते.

मग करायचे काय? ज्या मराठवाड्याने लातूर पॅटर्न दिला, तोच तोच सराव पेपर पुन्हा पुन्हा सोडवून घेऊन खेड्यातल्या मुलांना गुणवत्ता यादीत नेले, त्याला २० खेळाडूंची भरपाई अवघड नाही. सत्राचे १५ आठवडे, आठवड्याला दोन तास, म्हणजे ३० तास. बुडालेले ८० तास पूर्ण निघणार नाहीत, पण प्रत्येक विषयातले गाभ्याचे घटक निघतात. ही वेळ सरावाच्या लगत ठेवावी लागते. सराव साडेचारला असेल तर भरपाईचा तास साडेतीनला, मैदानाशेजारच्याच खोलीत. सरावानंतर ठेवला तर चालत नाही, कारण खेड्यावरच्या मुलांची शेवटची एसटी निघून जाते. सकाळी सहाला सराव ठेवून आठच्या तासाला बसवले तर मुलगा उपाशीपोटी पेंगतो. तिथे केळी, उकडलेली अंडी, शेंगदाणे-गूळ एवढी तरी सोय जिमखाना निधीतून झाली पाहिजे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुले दिवाळीनंतर एकटीच मागे राहतात. त्यांना वसतिगृहात जागा मिळणे हा अभ्यासाचाच भाग समजावा.

शिबिरात रात्री आठ ते साडेनऊ ही वेळ बांधून घ्यावी. मोबाइल व्यवस्थापकाकडे जमा, समोर विषयवार टिपणे, आणि रोज एका प्रश्नाचे उत्तर हाताने लिहून काढायचे, तपासून घ्यायचे. संघाबरोबर प्रशिक्षक आणि व्यवस्थापक जातातच. व्यवस्थापक म्हणून एखादा विषयशिक्षक पाठवला तर प्रवासातही दोन तास निघतात. हिवाळी परीक्षा आणि विभागीय स्पर्धा एकमेकींवर आल्या तर त्या मुलासाठी पुढच्या १५ दिवसांत स्वतंत्र परीक्षा व्हावी, तेवढ्याच काठिण्याच्या प्रश्नपत्रिकेवर. सोपी प्रश्नपत्रिका काढू नका, सहानुभूतीचे गुण नकोत. अर्थात हे सगळे बघायला महाविद्यालयात पूर्णवेळ क्रीडा संचालक असावा लागतो. जिथे ते पद रिक्त आहे आणि दुसऱ्याच विषयाच्या प्राध्यापकाकडे जिमखान्याच्या किल्ल्या आहेत, तिथे भरपाई वर्गाची अपेक्षा कुणाकडून करायची? पदे भरा, ही मागणी आम्ही याच पत्रात करतो.

आणि येत्या हंगामाचे पात्रता अर्ज छापायला जाण्याआधी त्यांत एक रकाना वाढवा: मागील दोन सत्रांत मिळालेले श्रेयांक, एकूण श्रेयांक, पुढे परीक्षा विभागाची सही. प्रथम वर्षाच्या मुलापुरता तो कोरा राहील. हा रकाना सुरू झाल्यावर पहिल्या वर्षी त्यावरून कुणालाही बाद करू नका. ज्याचे निम्म्याहून कमी भरतील त्याचे नाव त्याच आठवड्यात विभागप्रमुखांकडे पाठवा आणि त्याचा भरपाई वर्ग कोणत्या तारखेला सुरू झाला ते अर्जाच्या पाठीमागे लिहून घ्या. निम्म्या श्रेयांकांची अट दुसऱ्या वर्षापासून लावा, आणि ज्या महाविद्यालयाने ती तारीख लिहिलेली नसेल त्याच्या खेळाडूला नव्हे, त्या महाविद्यालयाला जाब विचारा.

आपले,
महाविद्यालयीन शारीरिक शिक्षण व अध्यापन क्षेत्रातील काही शिक्षक,
छत्रपती संभाजीनगर, परभणी, नांदेड